मे महिन्यातच मड पंप चालवून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस लागला की आमच्या रिवाइंडिंगच्या (जळलेल्या मोटरची तार परत भरायच्या) दुकानात जळलेले मड पंप, म्हणजे साचलेल्या गढूळ पाण्यात बुडवून ते उपसायचे पंप, यायला लागतात, आणि पत्र लिहायचं कारण एवढंच की त्यातले बरेचसे वाचले असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत पुष्कळ अपार्टमेंटनी पंप घेऊन ठेवले, चांगलंच केलं, पण तो वर्षभर जिन्याखाली पडून असतो आणि पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी झालं की मग त्याची आठवण होते. तोवर आतला गाळ वाळून दगड झालेला असतो, इम्पेलर (पाणी फेकणारा आतला पंखा) जाम, बटण दाबलं की नुसता हूंऽऽ आवाज, आणि होईल थोड्या वेळात सुरू म्हणून तसाच चालू ठेवला की वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलंच समजा.

काम झालं की पंप स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये पाच मिनिटं चालवा, सगळा गाळ निघतो, आणि मे महिन्यात परत एकदा तसाच चालवून बघा. ही मोटर भोवतीच्या पाण्यानंच थंड होते, पाणी संपल्यावर कोरडी फिरली की आधी सील (मोटरमध्ये पाणी शिरू न देणारा भाग) जातं, मग सीलमागच्या ऑइलमध्ये पाणी आणि तिथनं मोटरमध्ये. पाणी उतरलं की पंप बंद करणारा फ्लोट असतो पण तो पाइपात नाहीतर दोरीत अडकला की पंप बंदच होत नाही, म्हणून मोकळा आहे का बघा. ऑइल काढल्यावर दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच सील बदला, रिवाइंडिंगच्या मानानं तो खर्च काहीच नाही. पंप सरळ चिखलात टेकवू नका, खाली विटा ठेवा. थ्री फेज असेल आणि धार एकदम कमी वाटली तर उलटा फिरतोय का ते वायरमनकडून बघून घ्या. आणि कृपा करून बोअरची सबमर्सिबल गाळात टाकू नका, ती स्वच्छ पाण्यासाठी असते, वाळूनं घासून बाद होते.

मोटर जळली तर परत भरता येते, पण माणूस गेला तर काय. २५ जुलै २०२४ ला पुण्यात डेक्कनजवळ पुलाची वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना शॉक लागून तिघं गेले. तिथं पंपाचा विषय नव्हता, पण साचलेलं पाणी आणि करंट आपल्या पार्किंगमध्येही तेच असतं. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच, अर्थिंग चेक केलेलं हवं, केबलला मध्ये टेप मारलेला जॉइंट नको आणि बोर्ड पाणी पोचणार नाही इतका वर हवा. पंप केबलला धरून ओढू नका, हँडलला नायलॉनची दोरी बांधा. कचरा अडकला तर आधी प्लग काढायचा, मग पाण्यात पाय.

हे सगळं मी सेक्रेटरींना सांगतो पण रात्री दोन वाजता पाण्यात उतरतो तो वॉचमन, आणि त्याला कोणीच काही शिकवलेलं नसतं, मेन स्विच कुठला हेसुद्धा कधी कधी माहीत नसतं. कमिटीनं पावसाळ्याआधी त्याच्यासमोर पंप एकदा लावून, बंद करून दाखवावा. आपण नालेसफाईच्या बातम्या छापता तेव्हा ही माहितीसुद्धा मोठ्या अक्षरात छापावी, कापून पंपाच्या बोर्डशेजारी चिकटवता येईल अशी.

– एक मोटर रिवाइंडिंगवाला, सांगली