बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, थायलंडमधल्या खोन केनहून

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा परत तेच विचारत होते, तिथल्या शाळांना इंग्रजी शिकवायला गोरे मिळत नाहीत का, तुम्हाला कशाला ठेवतात, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. समीरच्या पेपर तपासण्या चालल्यात, मी मोकळी आहे, तर आता निवांत लिहिते.

मिळतात हो बाबा, भरपूर मिळतात. थायलंडमधल्या जाहिरातींत कितीदा सरळच लिहिलेलं असतं की फक्त नेटिव्ह स्पीकर हवेत, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असल्या पासपोर्टवाले. उरलेले आपण आणि फिलिपिन्सचे लोक. आपल्याला आधी टोइक नावाची इंग्रजीची परीक्षा, 990 पैकी निदान 600 तरी पाहिजेत. इंग्लिशमध्ये एमए, वर बीएड, आणि तरी मी हेडफोन लावून गाडी किती वाजता सुटणार छापाच्या प्रश्नांना गोल काळे करत बसले होते, हसू नका. पगार पण त्यांच्यापेक्षा कमीच, काम तेच. राग येतो, येत नाही असं कशाला म्हणू.

पण वर्गात गेल्यावर गंमत वेगळी असते. समीरच्या शेजारच्या वर्गावर एक इंग्लंडचा मुलगा आहे, स्वभावाने फार गोड, पोरं त्याच्यावर खूष, उच्चार तर काय विचारूच नका. पण पोरांनी विचारलं की इथे सिन्स का आणि फॉर का नाही, तर तो म्हणतो कानाला तसंच बरं वाटतं. मग पोरं वही घेऊन समीरकडे. आपण हे सगळं घोकून, मार खाऊन शिकलोय ना, त्यामुळे पोरगं कुठे अडखळणार ते आपल्याला त्याच्या आधी कळतं. हे माझं मत झालं, शाळेला ते पटलंय असं पगारावरून तरी दिसत नाही!

माझ्याकडे लहान मुलं आहेत, एका वर्गात चाळीसच्या वर. मी आत गेले की सगळी उभी राहतात आणि एका सुरात गुड मॉर्निंग टीचर. मी हाऊ आर यू म्हटलं की आय ॲम फाइन थँक यू अँड यू, आणि हे न थांबता, न बघता. मागच्या आठवड्यात एक पोरगी तापाने फणफणलेली, डोळे लाल, डोकं बेंचवर, तिनेही तसंच पडल्या पडल्या फाइन थँक यू म्हटलं. तिला उचलून सिकरूममध्ये नेलं तेव्हा दारातल्या नर्सलाही तेच. तेव्हापासून मी रोज आधी आय ॲम नॉट फाइन म्हणायला लावते, कारण सांगेल त्याला स्टिकर, आणि आता अर्ध्या वर्गाचं रोज पोट दुखतं.

दुसरी मारामारी शेवटच्या ल ची. थाई बोलण्यात शब्दाच्या शेवटी ल येतच नाही, त्याचा न होतो, म्हणून फुटबॉलचं फुटबॉन आणि स्कूलचं सकून. एक मुलगा आहे, त्याचं टोपणनावच बॉल (इथे सगळ्यांना अशी टोपणनावं असतात, माझ्याकडे आइस आहे, बँक आहे, गोल्फ आहे) आणि बिचाऱ्याला स्वतःचं नाव इंग्रजीसारखं म्हणता येईना. त्याला मोबाइलचा कॅमेरा आरशासारखा धरून जीभ वरच्या दातांमागे टेकवून दाखवली, मग त्याने जीभ तिथेच ठेवून पुढचं वाक्य पण बोलायचा प्रयत्न केला आणि सगळा वर्ग आडवा.

आई, तुझ्यासाठी एक. जूनमध्ये इथे गुरुवंदना असते, वाय खरू म्हणतात, आणि ती पण गुरुवारीच. पोरं गुडघ्यांवर सरकत येतात आणि फुलांची तबकं हातात देतात. माझ्या तबकात बघते तर लाल इक्झोराची फुलं, वांग्याची फुलं आणि चक्क दूर्वा! इक्झोरा बुद्धी टोकदार व्हावी म्हणून, वांग्याचं फूल खाली वाकतं म्हणून नम्रतेसाठी, आणि दूर्वा कुठेही पसरतात तशी विद्या पसरावी म्हणून. समीरच्या तबकातल्या मी काढून घेतल्या.

बाकी दिवस शाळेच्या वेळापत्रकावरच चालतो. सकाळी आठला राष्ट्रगीत, संध्याकाळी सहाला परत. आम्ही सहाच्या सुमारास बुंग केन नखोन तलावावर फिरायला जातो, तिथे भोंग्यावर ते लागलं की धावणारे, सायकलवाले, पोरं सगळी जागच्या जागी थांबतात, संपलं की परत चालू. बाबा, तुम्हाला हे फार आवडेल. जेवण घरीच करतो, कारण बाहेर भाजीतसुद्धा फिश सॉस असतो.

कटकट आहे ती कागदांची. आमचं वर्क परमिट शाळेशी बांधलेलं, नोकरी सोडली की व्हिसा पण गेला, म्हणून दोघांची दोन वेगळी परमिटं ठेवलीत, एकाचं काही झालंच तर दुसऱ्याच्या व्हिसावर राहता येतं. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. देशाबाहेर जायचं तर आधी 1000 बाथ भरून रीएन्ट्री परमिट घ्यायचं, नाहीतर विमान सुटलं की व्हिसा रद्द. म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत येणार का याचं उत्तर मी लगेच देत नाहीये आई, रुसू नकोस. शाळेने सुट्टीच्या तारखा लेखी दिल्या की त्याच दिवशी तिकीट काढते.

बाबा, एक काम. शिकवायच्या लायसन्ससाठी इथली शिक्षक परिषद बीएडच्या मार्कशीट मागतेय. माझ्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहेत, दोन्ही वर्षांच्या. मोबाइलवर फोटो नको, दुकानातून नीट स्कॅन करून पाठवा, आणि मागची बाजू पण, शिक्का तिकडे आहे.

तुमची,
मनू