स्वतःवरचं प्रेम आधी ताटात वाढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'स्वतःवर प्रेम करा' हा सल्ला हल्ली पुरवण्यांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून बायकांना रोज मिळतो. फेशियल, सहल, आरशासमोर म्हणायची वाक्यं यांवर तो बहुधा संपतो. पण सगळ्यांचं आटोपल्यावर अडीच वाजता ओट्याशी उभ्या-उभ्या सकाळची पोळी चहात बुडवून खाणाऱ्या बाईला आधी जेवण हवं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, केस गळतात, लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड होते. कच्चे तांदूळ किंवा खडू खावासा वाटणं हीसुद्धा लोह कमी असल्याची खूण असू शकते. बाई मात्र म्हणते, 'मी आळशी झालेय', 'माझा स्वभावच चिडका झालाय'. शरीरातली कमतरता ती स्वतःचा दोष समजते आणि मनाने आणखी खचते. म्हणून स्वतःला नावं ठेवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं ते 12 च्या खाली असेल तर रक्तक्षय, 8 च्या खाली असेल तर तीव्र रक्तक्षय. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

लोहाच्या गोळ्या बहुतेक घरांत असतात, अर्धी पाकिटं फ्रिजवर पडलेली. पंधरा दिवसांत बरं वाटतं आणि गोळी सुटते. खरं तर हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साधारण तीन महिने ती घ्यावी लागते, तेव्हा कुठे शरीरातला लोहाचा साठा भरतो. शौचाला काळं होतं म्हणून घाबरू नये, ते गोळीमुळेच. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र कधीच नाही, कारण लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाण्याबरोबर उत्तम. महिनाभर नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल तर डोस आपल्या मनाने वाढवू नये. पाळीत जास्त रक्त जाणं, बी-12 ची कमतरता, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक अवस्था यांपैकी काही आहे का, ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

आता ताटाबद्दल. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं ते पातेल्यात डोकावून पाहा: उसळीतली मटकी इतरांच्या ताटांत गेलेली असते, तळाशी रस्सा उरतो. यावर साधा उपाय म्हणजे उसळ शिजली की पहिली वाटी आपली काढून झाकून ठेवायची आणि मग वाढायला घ्यायचं. मटकीला मोड आणले आणि वर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह जास्त लागू पडतं. टोमॅटोची किंवा चिंचेची आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवावी, पण झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळी पडते आणि चवही बिघडते. नुसत्या पालकावर भिस्त ठेवू नये, त्यातलं लोह फार थोडं शोषलं जातं. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. सवय जाता जात नाही, मान्य, पण एवढ्या एका बदलाचा फायदा मोठा आहे. उपास करायचाच तर साबुदाणा आणि चहावर दिवस काढू नये. राजगिरा, शेंगदाणे, दही घ्यावं. हिमोग्लोबिन फार कमी असताना उपास सोडला तर देव रागवत नाही.

झोप आणि पुरेसं खाणं सुधारूनही दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीवर, फोन करावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

घरातल्यांना एक विनंती. रात्रीची गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला टिंब करायचं काम मुलांकडे द्या. टिंब राहिलं तर तेच आठवण करतील.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, सातारा