शिष्टाचाराच्या याद्या पुरे, प्रश्न विचारायची रीत बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांसाठी जे मार्गदर्शन छापून येतं, त्यात बहुतेक वेळा एक ठरावीक यादी असते. कुठे वाकून अभिवादन करावं, कुठे व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, कुठे बूट काढावेत. यादी चुकीची नसते, पण शिष्टाचार चुकला तर लोक हसून सोडून देतात. खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. ‘हो’ म्हणून गेलेल्या माणसाला काम कळलेलंच नसतं, हुशार विद्यार्थी वर्गात तोंड उघडत नाही, कनिष्ठाला चूक दिसते पण तो गप्प बसतो. समोरच्याची संस्कृती पाठ करून यातलं फारसं काही सुटत नाही. आपण प्रश्न कसा विचारतो आणि ठरलेलं कसं लिहून ठेवतो, हे बदलावं लागतं.

वेगवेगळ्या संस्कृतींतल्या माणसांच्या संवादाबद्दल बोलताना एका विमान अपघाताचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळलं. विमानातल्या १५८ जणांपैकी ७३ जण दगावले. त्याआधी विमानाला सव्वा तासाहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालायला लावलं होतं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने सहवैमानिकाला ‘इमर्जन्सी आहे असं सांग’ असं बजावलं. सहवैमानिकाने नियंत्रकाला आधी दिशेबद्दलची सूचना पोचल्याचं कळवलं आणि वाक्याच्या शेवटी, जाता जाता, इंधन संपत आल्याचं सांगितलं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याने उच्चारलाच नाही.

इथवर गोष्ट आली की ‘वरिष्ठांपुढे दबणारी संस्कृती’ असा शेरा मारून व्याख्याते मोकळे होतात. अमेरिकी तपास अहवालाने मात्र वैमानिकांच्या चुकीबरोबरच आणखी दोन गोष्टींवर बोट ठेवलं: विमानांच्या गर्दीचं नियोजन अपुरं होतं, आणि कमी इंधनाची अवस्था कळवण्यासाठी दोन्ही बाजूंना सारखेच समजतील असे प्रमाणित शब्दच नव्हते. पुढे २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ या दोन ठरीव घोषणा आल्या. पहिलीचा अर्थ, आता आणखी विलंब परवडणार नाही. दुसरीचा अर्थ, आणीबाणी. वैमानिक भिडस्त असो की फटकळ, वाक्य तेच. भिडस्तपणा काढून टाकण्याच्या नादी कोणी लागलं नाही आणि तेच शहाणपणाचं झालं.

कार्यालयातही हेच करता येतं. ‘समजलं ना?’ हा प्रश्न कायमचा बंद करावा. जिथे वरिष्ठाला नकार देणं उद्धटपणा मानतात, तिथे त्याचं एकच उत्तर असतं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: सुरुवात कुठून करणार, कुठे अडेल असं वाटतं, आणि माझ्याकडून काय लागेल. दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘अडेल का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणून सुटता येतं. ‘कुठे अडेल?’ म्हटलं की अडचण सांगणं हा नकार राहत नाही, तो उत्तराचाच भाग होतो. मात्र हे प्रश्न फक्त नवख्या किंवा परदेशी माणसाला विचारले तर ती परीक्षा वाटते आणि माणूस दुखावतो. विचारायचे तर सगळ्यांना.

बैठकीत मत हवं असेल तर आदल्या दिवशी प्रत्येकाकडून दोन ओळी लेखी घ्याव्यात: एक फायदा, एक धोका. बोलायची सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून करावी. साहेब पहिल्यांदा बोलले की पुढची मतं ही मतं नसतातच. (साहेबांनी नुसत्या भुवया उंचावल्या तरी तेच होतं, हे साहेबांना सहसा ठाऊक नसतं.) धोका लिहिणं सक्तीचं असावं. ऐच्छिक ठेवलं तर ती जागा कोरीच येते.

बोलण्यातल्या अंतराचाही विचार व्हावा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतली प्रश्नोत्तरं मोजली होती. जपानीत प्रश्न संपताच जवळपास लगेच उत्तर येतं, तर डॅनिशमध्ये सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. फरक इवलासा आहे, पण तेवढ्यावरून एकाला दुसरा मंद वाटतो आणि दुसऱ्याला पहिला आगाऊ. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला लागणारा वेळ यात मिळवला की सावकाश बोलणाऱ्याची पाळी येतच नाही. तिथे हात वर करण्याचं बटण सक्तीने वापरावं आणि बोलायचा क्रम आधी ठरवून टाकावा.

वर्गात हाच प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण गप्प राहण्याचे तिथे गुण कापले जातात. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, असं मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. पण बहुतेक शिक्षक त्या तीन सेकंदांत तोच प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतात. त्यामुळे मुलाच्या डोक्यात जुळत आलेलं वाक्य मोडतं. प्रश्न एकदाच विचारावा, फळ्यावर लिहावा आणि गप्प राहावं. वडीलधाऱ्यांसमोर अर्धवट विचार बोलून दाखवू नये, असं शिकून आलेल्यांसाठी मिनिटभर वहीत लिहू द्यावं, मग शेजाऱ्याशी बोलू द्यावं आणि त्यानंतरच वर्गाला विचारावं. सहभागाचे गुण द्यायचेच असतील तर वहीतल्या नोंदीलाही द्यावेत.

उतारे जसेच्या तसे उचलण्याबद्दलही थोडं. गुरूचे शब्द तंतोतंत सांगणं हाच अभ्यास, अशा परंपरेतून आलेल्या विद्यार्थ्याला ‘वाङ्मयचौर्य करू नका’ एवढं बजावून भागत नाही. मूळ परिच्छेद, नुसते शब्द फिरवलेला परिच्छेद आणि नीट श्रेय देऊन स्वतःच्या मांडणीत लिहिलेला परिच्छेद, असे तीन नमुने शेजारी शेजारी ठेवून पहिल्याच आठवड्यात दाखवावेत. शिक्षा त्यानंतर.

गुणांची मोजपट्टीही जागोजागी निराळी. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये ६ सर्वोत्तम. फ्रान्समध्ये २० पैकी १६ म्हणजे फारच उत्तम, आणि ब्रिटनच्या विद्यापीठांत ७० ला प्रथम वर्ग. गुणपत्रिकेसोबत मोजपट्टी जोडली नाही तर चांगला उमेदवार छाननीतच गळतो. तारखांचंही तेच: ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, कुठे ४ मार्च. महिना अक्षरांत लिहावा आणि वेळेपुढे कोणत्या देशाची वेळ ते लिहावं.

देशांच्या संस्कृतींना गुण देणारे तक्ते प्रशिक्षणात सर्रास दाखवले जातात, म्हणून एक इशारा. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध तक्ता गीर्ट हॉफस्टेड या डच सामाजिक मानसशास्त्रज्ञाचा. त्याचा पाया १९६७ ते १९७३ या काळातली आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांची सर्वेक्षणं हा आहे. देशाची सरासरी एकेका व्यक्तीला लावू नये, असं खुद्द हॉफस्टेड सांगत. तरीही मुलाखत घेणारे उमेदवाराचा देश पाहून त्याचा स्वभाव ठरवतात. त्यापेक्षा सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. उमेदवार सतत ‘आम्ही केलं’ म्हणत असेल तर त्याने काही केलंच नाही असं धरून चालू नये. ‘त्यातलं तुमच्या हातचं काम कोणतं?’ असं सरळ विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नये.

आपले,
आंतरसांस्कृतिक संवादाचे काही प्रशिक्षक