शब्द साहेबांचा, सही दुसऱ्याची

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

नव्या ऑफिसात रुजू झाले, जुन्या कंपनीची ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाली, तेव्हा आता हे चारचौघांत लिहायला हरकत नाही. तुमचं नाव घालत नाही. कळव्यातल्या आपल्या इमारतीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

वाशीला मी निर्यातीची कागदपत्रं बघायचे. शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, न्हावा-शेव्याला कंटेनर आत घ्यायची कट-ऑफ, कस्टम्सने शंका काढली की पळापळ. टीम लीडरचं काम माझ्याकडे कधीच आलं होतं, पद तेवढं आलं नव्हतं. साहेब म्हणायचे, "एप्रिलच्या यादीत तुझं नाव पहिलं." एप्रिल आला की यादी ऑक्टोबरवर जायची, ऑक्टोबरात पुन्हा एप्रिलचं नाव निघायचं. तशात अंधेरीच्या एका कंपनीची ऑफर आली. सहारच्या कार्गो संकुलातून विमानाने माल पाठवणारी कंपनी, वर्षाला सात लाख ऐंशी हजार. घरात लगेच दोन पक्ष पडले. आई म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. भाऊ म्हणाला, महिना पासष्ट हजार होतात, विचार कसला करतेस?

तुम्ही विचारलंत, "पासष्ट कुठून आले? तक्ता दाखव."

तो तक्ता तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला उतरवून काढलात, अगदी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पगारपत्रकं करत होतात तसा. सात लाख ऐंशीतले ऐंशी हजार 'व्हेरिएबल', म्हणजे कंपनीची मर्जी. ते आधी बाहेर. राहिले सात लाख, महिना अठ्ठावन्न हजार तीनशे. बेसिक अठ्ठावीस हजार, त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ ३,३६० रुपये, तोही माझ्याच पॅकेजात मोजलेला. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, साधारण साडेतेराशे, जे पाच वर्षं टिकले तरच मिळायचे. विम्याचा हप्ता साडेसातशे. मग माझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा ३,३६० आणि व्यवसाय कराचे दोनशे. हातात एकोणपन्नास हजार तीनशे. वाशीला एकेचाळीस मिळत होते. "आठ हजारांचा प्रश्न आहे," तुम्ही म्हणालात, "चोवीसचा नाही. आता विचार कर." भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण काकू, हा हिशोब मला दुसऱ्या कुणीही करून दिला असता. खरे आभार पुढच्या गोष्टीचे आहेत.

मी साहेबांना विचारायला निघाले होते, बढती नक्की कधी. तुम्ही म्हणालात, कधी ते विचारू नकोस, त्याला पुन्हा एप्रिलच उत्तर येईल. बढतीचं पत्र कुणाच्या सहीने निघतं ते विचार. आणि मग तुमच्या कारखान्यातल्या सुपरवायझरांचं सांगितलंत. टेम्पररी पोरांना ते 'यंदा कायम करतो' म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. पण कायम करायची मंजुरी हेड ऑफिसची, आणि पगारपत्रकात नाव कुठल्या रकान्यात आहे हे तुम्हाला रोज दिसायचं. त्या पोरांतले काही जण आशेवर किती वर्षं राहिले, हे सांगताना तुम्ही नेहमीसारखा विनोद केला नाहीत.

साहेबांना मी तसंच विचारलं. ते जरा थांबले. म्हणाले, "माझी फक्त शिफारस जाते. मंजुरी सिंगापूरहून येते, आणि तिथे सध्या नवीन पदं गोठवलेली आहेत." हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांना मनापासून द्यायचं होतं, पण देणं त्यांच्या हातात नव्हतं. कित्येक महिने त्यांच्यावर जो राग धरून बसले होते तो त्या केबिनमध्येच गेला, आणि राग गेल्यावर ठरवणं सोपं झालं. नाहीतर मी साहेबांना धडा शिकवायला म्हणून अंधेरीला गेले असते.

तुमचं स्वतःचं मत वेगळं होतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणालात, "मी तुझ्या जागी असते तर वाशी सोडली नसती." ठाण्याहून वाशीची गाडी ठाण्यातच सुटते, बसायला मिळतं; उलट सकाळी कळव्याला धीम्या लोकलमध्ये शिरायचं, घाटकोपरला उतरून मेट्रोच्या रांगेत उभं राहायचं, ते आठ हजारांसाठी? मी म्हटलं, पैशांसाठी नाही, विमानाच्या मालाचं काम शिकायचंय. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, उद्या हे काम आपल्याच बाजूला येईल. त्यावर तुम्ही: "येईल तेव्हा येईल. आज तिकीट घाटकोपरचंच काढावं लागणार." तरीही दुसऱ्या दिवशी माझ्या राजीनाम्याचा मसुदा तुम्हीच तपासून दिलात. सल्ला मानला नाही म्हणून गाल फुगवून न बसणारी मोठी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

राजीनामा दिला आणि त्याच आठवड्यात सिंगापूरचं गोठलेलं पद वितळलं. टीम लीडरचं पत्र आलं, तारखेसकट. मी डगमगले, खोटं कशाला बोलू. तुम्ही पत्र वाचलंत आणि एका ओळीवर बोट ठेवलंत: सुधारित वेतन 'पुढील वेतनवाढीच्या वेळी'. पद आत्ता, पगार पुन्हा एप्रिलला!

मग नोटिशीचा घोळ. अंधेरीवाल्यांना मी महिन्याभरात हवी होते, उरलेल्या नोटिशीचे पैसे ते जुन्या कंपनीला भरणार होते. मला ते फार भारी वाटलं होतं. तुम्ही माझी रुजू झाल्याची तारीख विचारलीत. ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं पुरी व्हायला दोनच महिने होते. नोटीस तीन महिन्यांची, आणि काम करून भरलेली नोटीस नोकरीतच धरली जाते. बेसिक सव्वीस हजार, गुणिले पंधरा दिवस, भागिले महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे वर्षाला बरोबर पंधरा हजार, पाच वर्षांचे पाऊण लाख. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की मद्रास उच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटी मान्य केलेली आहे, हेही तुम्हाला ठाऊक होतं. "पण तो निकाल घेऊन भांडायला तुला सवड आहे का? त्यापेक्षा तीन महिने काम कर." अंधेरीची एचआर कुरकुरली, मग थांबली. ग्रॅच्युइटीचा अर्जही तुम्हीच भरून घेतलात, वर बजावलंत की पैसे तीस दिवसांत यायला हवेत. पीएफ काढू नको, जुन्या यूएएनवरच, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावरच, नव्या कंपनीत वळव, हे तर तुम्ही जिन्यात गाठून सांगितलंत.

घाटकोपरबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. सकाळच्या गर्दीला मी अजून शिव्या घालते. काम मात्र आवडतंय. समुद्राच्या मालाला दिवस मिळायचे, इथे तास मिळतात, आणि एअर वेबिलातली, म्हणजे विमानाच्या मालाच्या पावतीतली, एक चूक निस्तरेपर्यंत विमान सुटलेलं असतं.

एक विनंती आहे. वाशीच्या जुन्या ऑफिसातल्या एका मुलीला आता माझ्या जागी 'एप्रिलच्या यादीत पहिलं नाव' मिळालंय, आणि तिच्याही हातात बाहेरची एक ऑफर आहे. रविवारी चारनंतर, तुमची झोप झाली की तिला पाठवते. नुसता ईमेल नको, पगाराचा पूर्ण तक्ता आण, असं तिला बजावलंय. तिला माझ्यासारखी घाई नाही, त्यामुळे तुमचं थोडं ऐकेलही.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची