जोडी एकच असते तेव्हा

नागपूर,
मेअखेर

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. नवतपा लागलाय, दुपारी धरमपेठेत चिटपाखरू दिसत नाही. कॉलेजला सुट्टी आहे, त्यामुळे कूलरपुढे बसून तुझ्याच प्रश्नात डोकं घातलंय. तू लिहितोस, प्रथिन आणि लिगंड (त्याला चिकटणारा रेणू) यांच्या बंधनाचं नेहमीचं समीकरण आधी सोडवतो, मग आलेल्या रेषेभोवती थोडा नॉइज, म्हणजे योगायोगाचा चढउतार, पसरवतो. नको करू असं, बे. परीक्षानळीत ते खपेल, पेशीत नाही.

तुझं समीकरण ज्यातून येतं तो गुल्डबर्ग आणि वागे यांचा १८६४ चा मास अ‍ॅक्शनचा नियम (जुळण्याचा वेग दोन्ही रेणूंच्या संहतींच्या गुणाकारावर ठरतो) अब्जावधी रेणूंच्या गर्दीत चोख चालतो. लिगंड भरपूर आहे, प्रथिनाचे १०,००० रेणू आहेत आणि त्यांतले निम्मे बांधलेले आहेत असं धर. मग ५,००० चा आकडा ५० ने खालीवर होतो, म्हणजे एक टक्का. प्रथिनं १०० च असली तर ५० मागे ५. इथवर तुझी पद्धत निभावते, कारण पट्टा रुंदावला तरी मधली रेषा जागची हलत नाही.

लिगंडही मोजकाच असला की ती रेषाच सरकते. ई. कोलाय या जिवाणूचं आकारमान साधारण एक फेम्टोलिटर (लिटरचा १०⁻¹⁵ भाग). एवढ्या जागेत एक रेणू म्हणजे सुमारे १.७ नॅनोमोलर संहती. आता एक प्रथिन, एक लिगंड घे आणि वियोजन स्थिरांकही (तो जितका लहान, तितकं बंधन घट्ट) तेवढाच धर. बांधलेला वाटा 'क' म्हटला, तर तुझं समीकरण (१ − क)² = क एवढंच उरतं आणि उत्तर येतं ०.३८. पण प्रत्यक्षात अवस्था दोनच आहेत, जोडी जुळलेली किंवा सुटलेली. जुळण्याचा आणि सुटण्याचा दर सारखा, म्हणजे निम्मा वेळ जुळलेली. खरं उत्तर ०.५!

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होतो. कारण साधं आहे. ही दोघं एकदमच मोकळी होतात आणि एकदमच अडकतात. निम्मा वेळ १ × १, निम्मा वेळ ० × ०, म्हणून गुणाकाराची सरासरी ०.५. समीकरण मात्र दोन सरासऱ्यांचा गुणाकार करतं, आणि तो येतो ०.२५.

उलट बाजूनं बघ. अशा पेशीत निम्मं बंधन दिसलं आणि तू जुन्या समीकरणातून स्थिरांक काढलास, तर तो खऱ्याच्या निम्मा येईल. औषध आहे त्याच्या दुप्पट घट्ट चिकटतंय असं वाटेल. तुझं काम औषधांचं, म्हणून मला हे इतकं लागतंय.

आणि हे नुसतं कागदावरचं उदाहरण समजू नकोस. ई. कोलायमध्ये लॅक रिप्रेसर (डीएनएला चिकटून जनुकं बंद ठेवणारं प्रथिन) दहाच्या घरातच असतात, डीएनएवरची त्यांची मुख्य जागा तर एकच.

तू मास्टर इक्वेशन घे, म्हणजे प्रत्येक अवस्थेची संभाव्यता कशी बदलते ते सांगणारं समीकरण. २० प्रथिनं आणि २० लिगंड असले तरी अवस्था २१ च होतात, त्या सरळ सुटतात. पसारा वाढला तर एकेक अभिक्रिया यादृच्छिकपणे संगणकावर घडवून बघायची गिलेस्पीची १९७७ ची पद्धत आहेच. पेशीपेशीत रेणूंची संख्याच वेगळी असते, तो हिशेब नंतर जोड. आधी एका जोडीला ०.५ येतं का ते तपास, मग २० चे आकडे मला पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या