सुपरमून झाला, आता तारकागुच्छांबद्दलही छापा

संपादक महोदय, स.न.

सुपरमून, ग्रहण, उल्कावर्षाव असलं काही असलं की आपल्या पेपरात पहिल्या पानावर फोटोसकट बातमी येते, छानच आहे ते, पण जे हिवाळाभर रोज रात्री डोक्यावर असतं त्याबद्दल दोन ओळीसुद्धा येत नाहीत. मी कृत्तिकांच्या तारकागुच्छाबद्दल बोलतोय. जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला गच्चीवर जाऊन सरळ वर बघा, छोटासा पुंजका दिसेल, नुसत्या डोळ्यांनी सहा तारे मोजता येतात आणि नजर जरा बाजूला ठेवून तिरकं बघितलं की अजून एखाददुसरा. खरं तर तिथे हजाराच्या वर तारे आहेत, सगळे वायू-धुळीच्या एकाच ढगातून जन्मलेले, आपल्यापासून साधारण 440 प्रकाशवर्षं लांब. वय जेमतेम 10 कोटी वर्षं, आपला सूर्य 460 कोटींचा, म्हणजे हे तारे पेटले तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते. मोठे, तापलेले निळे तारे इंधन भराभर जाळून लवकर संपतात, त्यामुळे ज्या गुच्छात ते अजून शिल्लक आहेत तो तरुण समजायचा.

याहून तरुण बघायचेत तर उत्तरेला शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांच्या मधे बघा. गावाकडच्या अंधारात एक धुरकट डाग दिसतो आणि साध्या बायनॉक्युलरमधून त्याचे शेजारी शेजारी दोन गुच्छ होतात, बारीक ताऱ्यांची रांगोळीच, मधेच एखादा तांबूस ठिपका. हे साधारण 7500 प्रकाशवर्षं लांब, वय सव्वा-दीड कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा आहे हो, म्हणजे रायगडाखालचा खडक या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जुना! शाळेतल्या पोरांना हे कुणी सांगतच नाही.

राशिभविष्याला आपल्याकडे रोज जागा असते, मग आठवड्यातून एकदा हाताएवढा आकाशाचा नकाशा का नको? अमावास्येच्या आसपासचे दिवस धरून, नुसत्या डोळ्यांनी काय दिसेल आणि बायनॉक्युलरनं काय, एवढं दिलं तरी पुरे. आणि त्याच पानावर एकदा शहरातल्या दिव्यांबद्दलही लिहा, आमच्या चौकातल्या हायमास्टचा निम्मा उजेड वर आकाशात जातो, त्यात कृत्तिकांचे तीन-चारच तारे उरतात आणि तो ययातीजवळचा डाग तर दिसतच नाही. दिव्यांना वरून झाकणं बसवली तर रस्त्यावरचा उजेड कमी होणार नाही, हे महापालिकेला पेपरनं सांगितलं तर ते ऐकतील.

आपला एक नियमित वाचक