कुडलच्या वाटेवर पारधी वाटाडे हवेत : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : वडकबाळ ते हत्तरसंग कुडल ही सीनाकाठची पायवाट आणि तिथले वाटाडे

महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या देवळाचा विकास म्हटलं की आपल्याकडे कमान, पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग आणि गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं एवढ्यात अंदाजपत्रक संपतं. दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलसाठी आमची मागणी निराळी आहे, आणि स्वस्तही. सीना जिथे भीमेला मिळते तिथल्या या देवळांपर्यंत लोकांना पायी येऊ द्या. त्यांना आणण्याचं काम फासेपारधी आणि धनगर वाटाड्यांकडे द्या, तेही परवाना आणि ठरलेला रोज देऊन.

कुडल काय आहे ते मंत्रालयातल्या फायलीत असेलच. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. कालोल्लेख असलेल्या मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो धरला जातो. सोलापूरचे कै. आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेजारचं हरिहरेश्वराचं देऊळ १९९९ च्या उत्खननात मातीतून मोकळं झालं आणि त्यात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग मिळालं. एवढा ऐवज असताना गाडीने आलेली माणसं लिंगाचा फोटो काढतात, संगमावर पाय भिजवतात आणि जेवायच्या वेळेला सोलापुरात परत असतात. लेख आपल्या डोक्यावरच्या दगडात आहे याचा त्यांना पत्ताही लागत नाही.

सोलापूरला कुठलं आलंय जंगल, असं मुंबईत विचारतात. आमचं जंगल म्हणजे माळ. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच गवतावर. सातबाऱ्यावर ज्याला पडीक म्हणतात तिथे लांडगा, खोकड, तरस, काळवीट राहतात आणि हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून तरंगत शिकार शोधतात. सीनाकाठी ऊस वाढला असला तरी पट्टा सोडून वर चढलं की मुरमाड माळ लागतो. विजापूर रस्त्यावर वडकबाळच्या पुलाखालून सीना जाते. तिथून नदी धरून कधी माळावरून, कधी काठाकाठाने संगमापर्यंत दोन दिवसांची वाट सहज आखता येते. पहिल्या दिवशी १४ किलोमीटरच्या वर चालवू नये. वाट नकाशावर रेघ ओढून ठरवू नका. बांधावरून जायचं असेल तर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची लेखी संमती लागेल, आणि बांध हा आपल्याकडे कोर्टाचा विषय असतो हे आपण जाणताच. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी उभी असते. त्यातून बारा माणसं एकदा जरी गेली, तरी पुढच्या खेपेला काठ्या घेऊन माणसं उभी दिसतील.

आता वाटाड्यांविषयी. एक उदाहरण देतो, कारण ‘स्थानिकांना काय कळतं’ हे वाक्य बैठकीत येणारच. ओल्या गाळात उमटलेला लांडग्याचा ठसा आणि गावच्या कुत्र्याचा ठसा शहरी माणसाला सारखाच दिसतो. जाणता माणूस वाकून बघतो. लांडग्याचा ठसा लांबट असतो, मधली दोन बोटं पुढे निघालेली असतात आणि ठसे एका रेषेत सरळ गेलेले असतात. कुत्रं वास घेत इकडेतिकडे भटकतं, त्याची रेघ वाकडी. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा. ठशाची कड धारदार आहे की वाऱ्याने ढासळली आहे यावरून जनावर पहाटे गेलं की काल संध्याकाळी, हेही सांगता येतं. हे ज्ञान शिकारीतून आलं, हे लपवायचं कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, फासे आणि वाघूर (शिकारीचं जाळं) गुन्ह्यात जमा झाले आणि त्या जागी दुसरं काम मात्र कोणी दिलं नाही. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पर्यटकांना जंगलात पायी फिरवतात. शेजारच्या पुणे जिल्ह्यात वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. सोलापुरात तर अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणातली वस्ती, म्हणजे सेटलमेंट होती. कायदा १९५२ मध्ये गेला, वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे.

म्हणून परवान्याच्या अटी हा या पत्रातला सगळ्यात नाजूक मुद्दा. ‘दहावी पास, रहिवासी दाखला, पोलिसांची चारित्र्य पडताळणी’ ही नेहमीची ओळ जाहिरातीत छापली की पारधी उमेदवार पहिल्याच चाळणीत गळणार आणि वाटाडे म्हणून पुढाऱ्यांचे भाचे लागणार. रहिवासी दाखला सोडाच, अनेक पारधी कुटुंबांकडे जातीचाही दाखला नाही, कारण तो काढायला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात आणि तेव्हा ही माणसं पालात होती. चारित्र्याचं म्हणाल तर गावात चोरी झाली की आधी पारध्याला उचलायचं, ही रीत आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. नुसती चौकशीला नेल्याची नोंद परवान्याआड येऊ नये, शिक्षा झालेली असेल तरच बघावं. परीक्षा माळावर घ्या : दहा ठसे ओळखा, नदीचा उतार (पायी पार होण्याजोगी जागा) शोधून द्या, जखमी माणसाला झोळीत घालून अर्धा किलोमीटर आणा. मराठीबरोबर कानडी येत असेल तर जादा गुण द्या, कारण भीमेच्या पलीकडे कर्नाटक आहे आणि अलीकडच्या गावांतही निम्मं बोलणं कानडीत चालतं.

परदेशात हे कसं चालतं तेही पाहावं, मात्र अभ्यासदौरा न काढता. कोलंबियात सिएरा नेवादाच्या डोंगरात सियुदाद पेर्दिदा नावाचं प्राचीन शहर आहे. चार दिवसांची जंगलातली चाल, शेवटी सुमारे १,२०० दगडी पायऱ्या. अधिकृत वाटाड्याशिवाय तिथे जाताच येत नाही, आणि कोगी, विवा, अरुआको या तिथल्या आदिवासींच्या विधींसाठी सप्टेंबरात वाट बंद ठेवतात. पेरूमध्ये माचू पिचूच्या इंका वाटेवर दिवसाला ५०० माणसांची मर्यादा आहे, आणि त्यात हमाल-स्वयंपाकीही मोजतात. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद. हमालाच्या पाठीवर २० किलोच्या वर ओझं देता येत नाही, तसा कायदाच आहे. आमच्या वाटेला एवढ्या मोठ्या आकड्यांची गरज नाही, पण वाटाड्याची सक्ती, बंद हंगाम आणि डोक्यांची मोजणी या तीन गोष्टी जशाच्या तशा उचलाव्यात.

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, शनिवार-रविवार. त्यानंतर ऊन चढतं, आणि मार्चपासून सावली नसलेल्या माळावर शहरातली माणसं चालवणं हा गुन्हा समजावा. पहिल्या वर्षी एका खेपेला एकच गट, १२ चालणारे आणि ३ वाटाडे : एक पुढे, एक मागे आणि एक धनगराच्या तट्टाबरोबर पाणी घेऊन. माणशी दिवसाला ३ लिटर पाणी, म्हणजे १५ जणांचं ४५ लिटर. शनिवारी जिल्हा परिषदेची शाळा सकाळची असते. दुपारनंतर खोल्या मोकळ्या, तेव्हा मुक्कामासाठी तंबूनगरी नको. जेवण बचतगटाकडे : कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं. हुरड्याच्या दिवसांत कोणाला अजून काही मागायची शुद्ध राहत नाही.

पैशांचं गणित असं. माणशी रोज ९०० रुपये घेतले तर दिवसाला १०,८०० जमतात. वाटाड्याला १,२०० प्रमाणे तिघांचे ३,६००, पंधरा जणांच्या जेवणाचे प्रत्येकी २५० प्रमाणे ३,७५०, शाळा आणि सफाईला १,०००, विमा आणि औषधांना ६००. उरले १,८५०. ते वाटाड्यांच्या बंद हंगामाच्या निधीत टाकावेत. बारा आठवड्यांचे २४ दिवस धरले तर निधी ४४,४०० होतो. सहा वाटाडे आळीपाळीने लावले तर प्रत्येकाला रोजाचे १४,४०० आणि निधीचे ७,४००, म्हणजे २१,८०० रुपये मिळतात. यावर घर चालत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांतल्या शाळा-कॉलेजांच्या सहलीही याच सहा जणांकडे दिल्या तर आकडा जरा बरा दिसेल.

इथे एक अडचण आहे जी मुंबईतून दिसत नाही. चालण्याचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच आहे. मुकादमाकडून उचल घेतली की कुटुंब कोयता घेऊन निघतं ते चार-पाच महिन्यांनीच येतं. आपण योजनेची घोषणा डिसेंबरात केलीत तर परवाना द्यायला वस्तीवर म्हातारी माणसंच सापडतील. सहा जणांची निवड, प्रशिक्षण आणि पहिल्या महिन्याचा आगाऊ रोज हे सगळं दसऱ्याच्या आत झालं पाहिजे.

धोका कशाचा, तर लांडग्याचा सगळ्यात कमी. पहिला धोका नदीचा. सीनेच्या पात्रात वाळू उपसलेले खड्डे असतात. वरून गुडघाभर वाटणारं पाणी दोन पावलांवर पुरुषभर होतं, म्हणून उतार वाटाड्याने काठीने चाचपल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये. संगमाजवळ भीमेचं पात्र कोरडं दिसलं तरी उजनी धरणातून आवर्तन सुटलं की पाणी चढत येतं. आवर्तनाची तारीख पाटबंधारे खात्याने वाटाड्यांच्या मोबाईलवर कळवावी, वर्तमानपत्रात छापून भागत नाही. पावसाळ्यात वाट पूर्ण बंद, सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर कोणी विसरलेलं नाही. दुसरा धोका मेंढपाळांच्या कुत्र्यांचा. कळप दिसला की थांबायचं, पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, धनगराला हाक घालायची. तिसरा साप. घोणस, फुरसं, नाग, मण्यार या चौघांवर एकच लस चालते, पण पहिल्या डोसलाच ८ ते १० बाटल्या लागतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात तेवढ्या आहेत का, हे दर शुक्रवारी फोनवर विचारून घ्यावं. नसतील तर खेप रद्द. दंश झालेला अवयव आवळून बांधायचा नाही, कापायचा नाही, फळीला बांधून हलू द्यायचा नाही. आणि कुसळी गवत. धोका म्हणता येणार नाही, पण लोकरी मोज्यात कुसळं घुसली की माणूस दुपारपर्यंत लंगडायला लागतो. जाड सुती पँट मोज्यात न खोचता बुटावर सोडायची आणि वर पिंढरीपर्यंत पट्टी गुंडाळायची.

लांडग्याची पिल्लं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात होतात, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीलाच. पिल्लांची घळ कुठे आहे ते वाटाड्याला माहीत असेल, आणि म्हणूनच लोकांना तिकडे न नेण्याचा अधिकार त्याचा असावा. ‘साहेबांना दाखव की’ असं सांगणारा फोन आपल्या कार्यालयातूनही जाऊ नये. ड्रोनला पूर्ण बंदी हवी.

कुडलला पोचल्यावर घाई नको. लेख स्पष्ट दिसावा म्हणून लोक अक्षरांत खडू, पीठ, कधी तेल भरतात, त्याने दगड खराब होतो. साधा हातभर आरसा घेऊन बाहेरचं ऊन तिरपं तुळईवर पाडलं की अक्षरांच्या कडा सावलीने उठून येतात आणि ‘वाछि तो विजेया होईवा’ (वाचेल तो विजयी होईल) ही ओळ शाळेतलं पोरही बोट धरून वाचतं. वाटाड्यांना हे दोन दिवसांत शिकवता येईल. शिकवायला शिलालेखाचे जाणकार बोलवा, आणि वाटाड्यांनी लेखाबद्दल सांगताना लिंगाच्या वजनापासून शापापर्यंतच्या ऐकीव गोष्टी जोडू नयेत एवढं बघा.

पहिल्या टप्प्यात आपल्याकडून हवं ते इतकंच : परवान्याच्या अटींचा वेगळा शासन निर्णय, वनविभाग, पुरातत्त्व आणि पाटबंधारे या तिघांची एक बैठक, आणि सहा माणसांच्या प्रशिक्षणाचा खर्च. कमानीचे पैसे तूर्त राहू द्या.

आपले,
सोलापुरातील काही भटके, पक्षिनिरीक्षक आणि लेखवाचक

ता.क. बैठक ठेवाल तेव्हा पारधी वस्तीवर निरोप पोलीस पाटलाकरवी धाडू नका. पोलीस हा शब्द ऐकून वस्ती रातोरात हलते आणि मग अहवालात ‘समाजाचा प्रतिसाद नाही’ असं लिहिलं जातं. निरोप शाळेच्या बाईंकडे द्या, आणि बैठक बाजाराचा दिवस सोडून ठेवा.